लेख थेट संपादकाकडे: गुप्तचर संस्थेच्या घरच्या नियतकालिकाचा प्रकरण अभ्यास

सीआयएच्या 'स्टडीज इन इंटेलिजन्स' या अंतर्गत नियतकालिकाच्या 1960 च्या दशकातल्या अंकांत, सुरुवातीच्या पानांवर लेखकांसाठी एक छोटी सूचना छापलेली असे. लेख थेट संपादकाकडे पाठवावा. तो वरिष्ठांमार्फत पाठवण्याची किंवा इतर विभागांची संमती घेण्याची गरज नाही. टंकलिखित दोन प्रती, ओळींमध्ये दुप्पट अंतर, मूळ प्रत बाँड कागदावर. तळटीप पानाच्या तळाशी न देता ज्या ओळीत संदर्भ आला तिच्याखालीच द्यावी. मजकूर गुप्ततेच्या 'सीक्रेट' दर्जापर्यंतचा चालेल.

सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या कोणालाही यातले पहिले वाक्य वाचून थबकायला होईल. 'योग्य मार्गाने' न आलेल्या कागदाला तिथे किंमत नसते. आणि हे साधे कार्यालय नव्हते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला काय सांगायचे आणि काय नाही याचेही नियम असलेली ती संस्था होती. तरीही तिच्या नियतकालिकाने लेखकाला सांगितले, की मध्ये कोणी नाही, कागद सरळ आमच्याकडे आणा. बक्षीस, संपादक मंडळ, टोपणनावे, वेगळी पाने अशी बरीच व्यवस्था पुढे उभी राहिली, पण आमच्या मते या प्रकरणाचा गाभा त्या एका वाक्यात आहे. ते का लागले आणि त्याच्याभोवती आणखी काय बांधावे लागले, ते इथे मांडले आहे.

परिस्थिती

सीआयए 1947 च्या कायद्याने स्थापन झाली. 'स्टडीज'चा पहिला अंक सप्टेंबर 1955 चा, म्हणजे संस्था जेमतेम आठ वर्षांची असतानाचा. प्रकाशनाची जबाबदारी प्रशिक्षण विभागाकडे होती आणि कल्पनेमागचे नाव होते शर्मन केंट. येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक, दुसऱ्या महायुद्धात ओएसएस या अमेरिकेच्या युद्धकालीन गुप्तचर संस्थेच्या संशोधन शाखेत काम केलेले आणि 1952 ते 1967 राष्ट्रीय अंदाजांच्या, म्हणजे परदेशांत पुढे काय घडेल याबद्दल सरकारसाठी अधिकृत अहवाल काढणाऱ्या, कार्यालयाचे प्रमुख.

पहिल्या अंकातल्या लेखात केंट यांनी एक उणीव नेमकी दाखवली. गुप्तवार्तेच्या कामाला आता स्वतःची पद्धत आहे, शब्दसंपदा आहे, सिद्धांत आहे. नाही ते फक्त वाङ्मय. डॉक्टरला आपल्या शास्त्रात काय चुकले आणि काय साधले ते वाचायला मिळते. इथे मात्र अनुभव माणसाच्या डोक्यात राहतो आणि माणूस बदलीवर किंवा निवृत्तीवर गेला की त्याच्याबरोबर निघून जातो. नवा माणूस तीच चूक पुन्हा पहिल्यापासून शिकतो.

निदान अचूक होते. पण नियतकालिक काढायचा निर्णय एका टिपणीत होतो, त्याचे लेख तसे येत नाहीत. पहिला खंड 1955 च्या सप्टेंबरात सुरू झाला तो 1957 च्या शरद ऋतूतल्या चौथ्या अंकापर्यंत चालला. त्रैमासिकाची घडी बसून दर वर्षी एक खंड, हे 1958 पासूनचे.

लिहिणाऱ्यांच्या गावात लेखक का मिळत नाही

गुप्तचर संस्थेत दिवसभर लिहिण्याचेच काम चालते, म्हणून लेख मिळणे सोपे असेल असे बाहेरून वाटते. खरी अडचण नेमकी तिथे आहे. विश्लेषक जे लिहितो ते त्याचे नसते. अंदाजाचा मसुदा होतो, तो इतर कार्यालयांकडे फिरतो, प्रत्येक जण शब्द घासतो, मतभेद उरलाच तर तळटीपेत जातो आणि शेवटी जो कागद बाहेर पडतो तो संस्थेच्या आवाजात बोलतो. 'मी' हा शब्द त्यात कुठेच नसतो. दहा वर्षे असे लिहिलेल्या माणसाला 'तुम्हाला काय वाटते ते स्वतःच्या नावाने लिहा' असे सांगितले तर त्याचा हात आखडतो. यात आळस नाही, नोकरीने लावलेली सवय आहे.

परदेशात माणसे हाताळणाऱ्या अधिकाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे लेखन म्हणजे तारा: काय झाले, कोण भेटले, पुढे काय करायचे. असे का केले, दुसरे का नाही, हा विचार त्या तारेत मावतच नाही. शिवाय 'माझे काम बोलण्यासारखे नाही' हे त्याच्या अंगात इतके मुरलेले असते, की स्वतःच्याच संस्थेच्या बंद भिंतींआड लिहिणेही त्याला फितुरीच्या जवळचे वाटते.

वेळ नाही ही तक्रार सगळेच करतात आणि ती खरीही असते, पण तिच्याआड बहुतेकदा भीती असते. साहेब काय म्हणतील? माझ्याच विभागाची चूक मी छापली तर पुढची नेमणूक कुठे मिळेल? लेख जर त्याच साहेबांच्या टेबलावरून जाणार असेल तर याचे उत्तर आधीच ठरलेले असते. साहेब लेख अडवतीलच असे नाही. ते तो ठेवून घेतात, 'बघतो' म्हणतात, चार महिन्यांनी दोन परिच्छेद मवाळ करून परत देतात. तोवर लेखकाचा उत्साह संपलेला असतो आणि लेखात सांगण्यासारखे जे होते ते त्या दोन परिच्छेदांबरोबर गेलेले असते.

म्हणून ते वाक्य. त्याने साहेबांचे टेबल वाटेतून काढले.

वाट मोकळी केल्यावर जबाबदारी कोणाची

थेट संपादकाकडे आलेला लेख छापला आणि गदारोळ झाला, तर कोणाला बोलावणार? हे आधी ठरवले नसते तर ती सूचना सहा महिनेही टिकली नसती. 'स्टडीज'ने तीन गोष्टी छापूनच टाकल्या होत्या. लेख स्वीकारायचा की नाकारायचा याची अंतिम जबाबदारी संपादक मंडळाची. कसोटी एकच: मंडळाच्या मते या लेखाने गुप्तवार्तेच्या वाङ्मयात भर पडते का? आणि लेखातली मते लेखकाची, संस्थेची अधिकृत भूमिका नव्हे.

मंडळावर कोण होते तेही बघण्यासारखे आहे. अध्यक्ष केंट. सदस्यांत लायमन किर्कपॅट्रिक, ज्यांनी संस्थेचे महानिरीक्षक म्हणून काम केले, आणि लॉरेन्स ह्यूस्टन, संस्थेचे मुख्य कायदा सल्लागार. शिवाय इतर विभागांचे प्रतिनिधी. एखाद्या विभागप्रमुखाने रागाने फोन केला तर तो कनिष्ठ लेखकाकडे किंवा एकट्या संपादकाकडे जाऊन थांबत नव्हता. तो या माणसांपर्यंत पोचत होता. संपादक मंडळ म्हणजे साहित्यिक जाणकारांची समिती असा समज असतो. अशा नियतकालिकात त्याचे पहिले काम छत्रीचे असते. आज कोणी असे मंडळ नेमणार असेल तर आमचा आग्रह राहील, की त्यात एक कायद्याचा माणूस, एक तपासणी यंत्रणेतला आणि एक मोहिमांच्या बाजूचा असावाच. भाषेचे काम संपादक करील.

कसोटी सैल ठेवण्यातही शहाणपण होते. सैद्धांतिक, कार्यपद्धतीचा, मोहिमांचा किंवा ऐतिहासिक, असा गुप्तवार्तेच्या कोणत्याही अंगावरचा लेख चालत असे. 1958 मध्ये मार्टिन बिमफोर्ट यांनी 'गुप्तवार्ता म्हणजे काय' याची व्याख्या करायचा प्रयत्न याच पानांवर केला. विषयांची यादी काटेकोर केली की ज्याच्याकडे वेगळे काही आहे तो आधी स्वतःलाच नाकारतो.

आधी मोठ्यांनी आपली चूक लिहावी

कर्मचाऱ्यांना लिहिते करण्याचा सगळ्यात परिणामकारक उपाय या प्रकरणात 1964 मध्ये दिसतो.

19 सप्टेंबर 1962 च्या विशेष राष्ट्रीय अंदाजात केंट यांच्या कार्यालयाने म्हटले होते, की सोव्हिएत संघ क्युबात हल्ल्याची क्षेपणास्त्रे बसवण्याची शक्यता कमी आहे. 14 ऑक्टोबरला यू-2 या टेहळणी विमानाने काढलेल्या छायाचित्रांत ती क्षेपणास्त्रे दिसली. संस्थेच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या चुकांपैकी ही एक. दीड वर्षाने, 1964 च्या वसंतातल्या अंकात, खुद्द केंट यांनी त्या अंदाजावर सविस्तर लेख लिहिला: पुरावा काय होता, कोणत्या तर्काने तो निष्कर्ष निघाला, आणि तो तर्क त्या वेळी का योग्य वाटला. त्यांनी स्वतःचा बचावही केला आहे आणि तो सगळ्यांना पटलेला नाही. ते इथे दुय्यम आहे. मंडळाच्या अध्यक्षाने आपल्याच कार्यालयाचा सर्वांत जिव्हारी लागणारा कागद उघडून ठेवला, ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकापेक्षा मोठ्याने बोलते. त्यानंतर एखाद्या शाखेच्या अधिकाऱ्याला आपल्या छोट्या चुकीबद्दल लिहायला कशाची लाज?

त्याच वर्षीच्या शरद अंकात केंट यांचा दुसरा लेख आला, आणि संपादकाने विषय कुठे शोधावेत याचा तो नमुना आहे. मार्च 1951 मध्ये युगोस्लाव्हियावरील हल्ल्याच्या शक्यतेबद्दल एक अंदाज निघाला होता. त्यात हल्ला ही 'गंभीर शक्यता' मानावी असे म्हटले होते. काही दिवसांनी परराष्ट्र खात्याच्या धोरण विभागाच्या प्रमुखांनी केंट यांना सहज विचारले, म्हणजे नेमकी किती? केंट यांच्या मनात हल्ला होण्याच्या बाजूने 65 विरुद्ध 35 असे प्रमाण होते. विचारणाऱ्याने ते बरेच कमी धरले होते. केंट यांनी मग आपल्याच सहकाऱ्यांना विचारले, ज्यांनी त्या शब्दाला मान्यता दिली होती त्यांना. कोणी 80 विरुद्ध 20 सांगितले, कोणी उलटे 20 विरुद्ध 80. एकाच शब्दाखाली सह्या, आणि प्रत्येकाच्या मनात वेगळा आकडा. या लेखात केंट यांनी शब्दांना आकडे जोडून दिले: 'जवळजवळ निश्चित' म्हणजे सुमारे 93 टक्के, 6 टक्के इकडेतिकडे, 'संभवनीय' म्हणजे सुमारे 75, 12 इकडेतिकडे, 'दोन्हीकडे सारखी शक्यता' म्हणजे 50, 10 इकडेतिकडे.

तो प्रसंग तेरा वर्षे तोंडी फिरत होता, 1964 मध्ये कागदावर आला, आणि 1967 मध्ये केंट निवृत्त झाले. तीन वर्षांचे अंतर. प्रत्येक विभागात असा एक तरी प्रसंग असतो, जो नव्या माणसाला चहाच्या वेळी सांगितला जातो. त्यावरचा लेख मनात तयार असतो, फक्त कोणी लिहून घेतलेला नसतो. संपादकाने लेखक शोधण्याऐवजी हे प्रसंग शोधावेत.

मागायचे कसे

'सर्व अधिकाऱ्यांना आवाहन करण्यात येते, की त्यांनी आपले अनुभवपर लेख पाठवावेत.' हे परिपत्रक प्रत्येक कार्यालयात पोचते आणि कोणाकडूनही काही येत नाही, कारण ते कोणालाच उद्देशून नसते. उपयोगी पडते ती एका माणसाला विचारलेली एकच गोष्ट. नमुन्यादाखल:

'परवाच्या वर्गात आपण सांगितलेत, की त्या कारखान्याच्या उत्पादनाचा अंदाज तिप्पट चुकला होता आणि चूक रेल्वेच्या वाघिणी मोजण्यात होती. वाघिणी कशा मोजल्या, चूक कोणाच्या आणि कशी लक्षात आली, एवढेच 1500 शब्दांत हवे आहे. मंगळवारी अर्धा तास मी आपल्या खोलीत येतो. आपण बोला, मी उतरवून घेतो. मसुदा शुक्रवारी आपल्या हाती असेल.'

यात विषय ठरलेला आहे, लांबी ठरलेली आहे, पहिला मसुदा लिहिण्याचे ओझे लेखकावर नाही आणि तारीख संपादकाने स्वतःवर घेतली आहे. मोहिमांच्या बाजूच्या माणसांसाठी ही बोलून लिहून घेण्याची पद्धत जवळपास एकमेव आहे. मात्र बोलणे ज्या खोलीत आणि ज्या यंत्रावर उतरवायचे ते मजकुराच्या दर्जाला मान्य असले पाहिजे. स्वतःचा फोन टेबलावर ठेवून ध्वनिमुद्रण केले तर लेख राहिला बाजूला, चौकशी सुरू होते.

किती जणांना विचारावे लागते? हिशेब साधा ठेवावा. त्रैमासिकाच्या अंकाला सहा लेख म्हणजे वर्षाला 24. 'देतो' म्हणणाऱ्यांपैकी निम्मे देत नाहीत असे धरा, आणि आलेल्यांपैकी एक तृतीयांश छापण्याजोगे होत नाहीत. म्हणजे 24 लेखांसाठी 72 होकार, महिन्याला सहा. संपादक हे काम उरलेल्या वेळात करणार असेल तर तो पहिल्याच वर्षी मागे पडतो. पुढच्या दोन अंकांचा मजकूर हातात नसेल तर धोक्याची घंटा वाजली असे समजावे, कारण मग छापायचेच म्हणून काहीही छापले जाते, आणि एक कमकुवत अंक चांगल्या लेखकांना वर्षभर दूर ठेवतो.

लेख मिळण्याच्या तीन हमखास जागा आहेत. प्रशिक्षणवर्गात दिलेली व्याख्याने, एखाद्या मोहिमेनंतरचे आढावे आणि निवृत्तीला सहा महिने उरलेली माणसे. शेवटच्या महिन्यात गेलात तर उशीर झालेला असतो. त्या दिवसांत माणूस खोली रिकामी करत असतो आणि त्याचा जुन्या फायलींवरचा प्रवेश केव्हाही बंद होणार असतो.

गुप्ततेचे ओझे लेखकाच्या डोक्यावरून उतरवणे

बहुतेक लेख या टप्प्यावर अडतात, आणि अडतात ते शेवटी तपासल्यामुळे. लेखकाने तीन महिने खपून 4000 शब्द लिहिले आणि मग सुरक्षा तपासणीत मधला तिसरा हिस्सा गेला, की तो माणूस पुन्हा कधी लिहीत नाही. तपासणी दोनदा करावी: एकदा अर्ध्या पानाच्या आराखड्याची, एकदा अंतिम मसुद्याची. आराखड्यावर तपासणाऱ्याने 'चालेल' किंवा 'नाही' एवढे म्हणून थांबू नये; कोणत्या दर्जाच्या अंकात चालेल ते सांगावे.

अमेरिकी व्यवस्थेत वर्गीकृत, म्हणजे गुप्ततेचा दर्जा दिलेल्या, कागदावर परिच्छेदागणिक दर्जाची खूण असते. सध्याचा आधार 2009 चा कार्यकारी आदेश 13526. लेखकाने या खुणा लिहितानाच घालाव्यात. नंतर घालायला बसले की सगळ्याच परिच्छेदांना सर्वांत वरचा दर्जा देण्याकडे कल होतो, कारण ते सुरक्षित वाटते. दुसरी एक गोष्ट नव्या लेखकाला ठाऊक नसते: एकेकटी उघड असलेली चार विधाने शेजारी शेजारी ठेवली, की मिळून गुप्त ठरू शकतात. तिसरी म्हणजे दुसऱ्या संस्थेकडून आलेली माहिती. तिच्या मालकाची परवानगी लागते, आणि ती परवानगी येण्यात ऋतू उलटतात. आराखड्यावरच विचारावे: यातले काय परके आहे? ते काढून लेख उभा राहतो का?

बहुतेक वेळा राहतो, उलट जास्त चांगला राहतो. समजा मसुद्यात असे वाक्य आहे: 'मार्चमध्ये त्या देशाच्या संरक्षण मंत्रालयातल्या आमच्या माणसाने कळवले, की नव्या तुकडीची भरती अपुरी आहे, पण आम्ही ते मानले नाही, कारण छायाचित्रांत रणगाडे पुरे दिसत होते.' यात महिना उघड झाला, मंत्रालय उघड झाले, तिथे आपला माणूस आहे हे उघड झाले आणि त्या तुकडीवर कॅमेरा होता हेही. आता शिकण्यासारखे काय तेवढेच ठेवू: 'माणसाकडून आलेली माहिती आणि छायाचित्रातली माहिती एकमेकींशी जुळत नव्हती. छायाचित्राला मान मिळाला, कारण त्यातले मोजता येते. पण छायाचित्रात रणगाडे दिसतात. ते चालवायला माणसे आहेत का, ते दिसत नाही.' चार गुपिते गेली आणि धडा जास्त स्पष्ट झाला. हे काम संपादकाने लेखकाशेजारी बसून, पहिल्या दोन पानांवर करून दाखवावे. पुढची पाने लेखक स्वतः करतो.

'स्टडीज'ने यासाठी अंकाच्या बांधणीतही सोय केली होती. गुप्त लेख आणि उघड लेख वेगळे ठेवलेले असत; उघड भागाच्या पानांना 'ए' अक्षर लावून स्वतंत्र क्रमांक दिले जात. नव्या पुस्तकांची परीक्षणे या उघड भागात येत. परीक्षण हा नव्या लेखकासाठी उत्तम पहिला दरवाजा: विषय दुसऱ्याने दिलेला, लांबी कमी, आणि गुप्त फाईल उघडावी लागत नाही.

लेखकाची ओळख झाकायची असेल तर टोपणनाव चालत असे, आणि ती सवलत हवीच. पण टोपणनाव बाहेरच्यांपासून झाकण्यासाठी असावे. संपादकालाही लेखक कोण ते ठाऊक नसेल तर मजकुराची खात्री कोणाकडून करायची, हा प्रश्न उरतो.

बक्षीस

वर्षातल्या सर्वांत मोलाच्या लेखाला 500 डॉलर, अशी घोषणा 1960 च्या दशकातल्या अंकांत छापलेली आढळते. रकमेपेक्षा नियम वाचावेत. निवाडा आधी विचारातल्या नवेपणावर आणि भक्कमपणावर, लेखनशैली दुय्यम. दोन लेख तोलामोलाचे असतील तर रक्कम विभागता येईल. पात्र लेख नसेल तर बक्षीस देणारच नाही. वाचक नावे सुचवू शकतील, निर्णय मंडळाचा. मंडळाचे सदस्य स्पर्धेत नाहीत.

'शैली दुय्यम' हे छापण्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. ज्याला छान लिहिता येत नाही पण सांगायला आहे, त्याला हा निरोप होता. आणि 'देणारच नाही' या तरतुदीने बक्षिसाचे मोल टिकले. दर वर्षी कोणाला तरी द्यायचेच ठरले की ते रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळते. तरी बक्षिसासाठी कोणी तीन महिने लिहीत बसेल असे समजू नये. त्याहून वजनदार गोष्ट म्हणजे लेखाची नोंद वार्षिक मूल्यमापनात होणे. ती वरिष्ठाच्या मर्जीवर सोडू नये. लेख छापल्याचे पत्र संपादकाने थेट सेवापुस्तिकेकडे पाठवावे. साहेबांना प्रत जावी, त्यांची सही लागू नये.

शेजारचे उदाहरण, आणि काय बिघडते

अमेरिकेच्याच एनएसए या, परक्यांचे संदेश टिपून त्यांची सांकेतिक भाषा उलगडणाऱ्या, संस्थेत ऑगस्ट 1974 मध्ये 'क्रिप्टोलॉग' हे अंतर्गत नियतकालिक सुरू झाले. प्रकाशक विल्यम लुटविनियाक, जे शब्दकोडी रचणारे म्हणूनही नावाजलेले होते. सुरुवातीला मासिक, सूर मोकळा, छोटे लेख, वाचकांची पत्रे, शब्दकोडीसुद्धा. दर्जा मात्र 'सीक्रेट'च्याही वरचा, टॉप सीक्रेट. तांत्रिक निबंधांसाठी त्या संस्थेत 1956 पासून वेगळे नियतकालिक होतेच. ही दोन पायऱ्यांची रचना फार उपयोगी आहे. 300 शब्दांचे पत्र लिहिणारा पुढे 1200 शब्दांचे टिपण लिहितो. पत्रांची पाने बंद केली की शिडीची खालची पायरी जाते आणि वर चढणारे कमी होतात. 'क्रिप्टोलॉग' 1997 पर्यंत चालले; 2013 मध्ये त्याचे अंक बऱ्याच काळ्या पट्ट्यांसह खुले झाले.

बिघडते ते बहुधा तीन जागी. पहिली, उत्तराला उशीर. लेख मिळाल्याची पोच पाच कामाच्या दिवसांत आणि निर्णय तीस दिवसांत गेला पाहिजे. नकार असला तर लेखकाला प्रत्यक्ष भेटून, नेमके काय कमी आहे ते सांगून द्यावा. छापील नकारपत्र अशा बंद संस्थेत सगळ्या मजल्याला कळते. दुसरी, परीक्षकांची निवड. लेख दोघांना वाचायला द्यावा, एक त्या विषयातला आणि एक पूर्ण बाहेरचा. दोघेही विषयातले निवडले तर जुनी भांडणे लेखावर उतरतात.

तिसरी जागा अवघड आहे. 1992 पासून 'स्टडीज'च्या उघड आवृत्त्या निघू लागल्या. त्याचे फायदे मोठे आहेत. रिचर्ड्स हॉयर यांनी 1978 ते 1986 या काळात संस्थेत विश्लेषकांच्या विचारातल्या चुकांवर लेख लिहिले, त्यांतले काही 'स्टडीज'मध्ये आले, आणि 1999 मध्ये त्यांचे पुस्तक होऊन ते जगभर शिकवले जाऊ लागले. विकी आणि ब्लॉग वापरून गुप्तचर संस्थांनी माहिती वाटून घ्यावी, हा कॅल्व्हिन अँड्रस यांचा 2004 च्या अंतर्गत स्पर्धेतला निबंध 2005 मध्ये 'स्टडीज'मध्ये आला, आणि 2006 मध्ये 'इंटेलिपीडिया', म्हणजे गुप्तचर संस्थांचा स्वतःचा अंतर्गत विकी, प्रत्यक्षात उभे राहिले. पण बाहेर नाव दिसणार असेल तर लेखकाचा ओढा उघड अंकाकडे जातो, इतिहासावरचे लेख वाढतात, आणि काल काय चुकले हे सांगणारा गुप्त अंक उपाशी राहतो. म्हणून संपादकाने मागणी करताना गुप्त अंकाचे लेख आधी मागावेत आणि उघड आवृत्ती त्यांतून, काटछाट करून काढावी. उलट क्रमाने काम होत नाही.

वर्षअखेरीला किती पाने छापली याची मोजणी निरुपयोगी आहे. पहिल्यांदाच लिहिणारे किती, दुसऱ्यांदा लिहायला परत आलेले किती, निर्णयाला सरासरी किती दिवस लागले, आणि कोणत्या कार्यालयातून एकही लेख आला नाही, हे चार आकडे मंडळापुढे ठेवावेत. सलग दोन वर्षे ज्या कार्यालयासमोर शून्य असेल तिथे पत्र पाठवू नये. संपादकाने स्वतः जावे, प्रमुखांच्या खोलीत नव्हे तर काम चालते त्या खोलीत बसावे, आणि नव्या माणसांना तिथे कोणता प्रसंग सांगितला जातो ते विचारावे.